गच्ची ते काळी माती: उष्णता मोजण्यात गेलेली दोन वर्षं

आईचं घर पुण्यात सहकारनगरला तिसऱ्या मजल्यावर आहे आणि वर थेट गच्ची. एप्रिल लागला की ती रात्री गादी हॉलमध्ये ओढते. बेडरूमचं छत रात्री नऊलाही हाताला कोमट लागतं. दुपारी दोनला ऊन डोक्यावर असताना खोली जेवढी तापत नाही, तेवढी संध्याकाळी सात-आठला तापते. मी सिव्हिल इंजिनीअर. अठरा वर्षं स्लॅब ओतून घेतले, पण त्या स्लॅबमधून उष्णता नेमकी किती वेळात खाली येते याचा हिशोब कधी मांडला नव्हता. बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सांभाळून एम.टेक.ला प्रवेश घेतला होता, आणि प्रबंधासाठी हाच विषय धरला: छताचा स्लॅब आणि जमिनीतली माती यांतून होणाऱ्या उष्णतावहनाचं मॉडेल. जुलै २०२५ मध्ये तोंडी परीक्षा झाली. सुरुवातीला मी फार चाचपडले होते. म्हणून घडलं तसं सगळं लिहून ठेवते आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये विषय नोंदवायला गेले. फॉर्म, दोन पानी गोषवारा, मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही. समीकरण तर फूरिये यांनी १८२२ सालीच पुस्तकात मांडलेलं, संगणक घरात, त्यामुळे वर्षभरात संपेल असं मला वाटत होतं. मार्गदर्शक सरांनी गोषवारा वाचून एकच प्रश्न विचारला, "के कुठून आणणार?"

के म्हणजे उष्णतावाहकता. मी म्हटलं, "बांधकामाच्या मानकांतून, म्हणजे कोडमधून." सरांनी "बरं" म्हणून सही केली. पुढची दोन वर्षं खरं तर त्या प्रश्नातच गेली.

काँक्रीटपुरतं माझं उत्तर ठीक होतं. एसपी ४१ या भारतीय मानकांच्या हँडबुकात आरसीसीची वाहकता १.५८, भाजलेल्या विटेची ०.८११ आणि मड फुस्क्याची (गच्चीवर घालतात त्या चिखल-भुशाच्या थराची) ०.५१९ वॅट प्रति मीटर केल्विन अशी दिलेली आहे. घनता आणि विशिष्ट उष्माही शेजारीच असतात. हे तिन्ही आकडे हाती आले की डिफ्युजिव्हिटी निघते, म्हणजे तापमानाची लाट पदार्थात किती झपाट्याने सरकते ते कळतं. वाहकतेला घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराने भागायचं. विशिष्ट उष्मा कोष्टकात किलोज्यूलमध्ये असतो, त्याचे ज्यूल करायला विसरू नका. माझा पहिला आठवडा तिथेच गेला.

गच्चीवर तापमान मोजणारे सेन्सर लावायला सोसायटीची परवानगी हवी होती. कमिटीची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. ८ ऑक्टोबरला अर्ज दिला. सेक्रेटरी काकांनी तो वाचला आणि म्हणाले, "ताई, स्लॅबला भोक पाडलंत आणि पावसाळ्यात गळलं, तर मी कोणाला उत्तर देऊ?" रास्तच होतं ते. आमच्या गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) आहे, वर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर), आणि गळतीवर सोसायटीने आधीच बराच खर्च केलेला. नोव्हेंबरचा दुसरा रविवार १२ तारखेला, नेमका लक्ष्मीपूजनाचा, म्हणून बैठकच झाली नाही. १० डिसेंबरला परवानगी मिळाली ती अशा अटींवर: स्लॅबला हात लावायचा नाही, पाण्याच्या टाकीजवळ जिथे कोबा उखडून दुरुस्त करायचाच आहे तिथेच सेन्सर पुरायचे, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्यायचं आणि पाच हजार अनामत ठेवायची. अनामत नंतर परत मिळाली. कोणाला असं काही करायचं असेल तर अर्जासोबत जागेचा हाताने काढलेला नकाशा जोडा. मी तो तिसऱ्या खेपेला जोडला आणि चर्चा दहा मिनिटांत संपली.

सेन्सर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणले. डीएस१८बी२०, स्टीलच्या टोपणातले, वायरसकट १२० रुपयांना एक. चौदा घेतले. नोंदी ठेवणारा बोर्ड, मेमरी कार्ड, बॅटरी, पीव्हीसी पाइप असं सगळं धरून ९,४०० रुपये झाले. हे सेन्सर अर्ध्या अंशाच्या अचूकतेचे म्हणून विकले जातात, पण माझ्या चौदांत दोन दीड अंशाने चुकत होते. त्यामुळे पुरण्याआधी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून सगळे एकत्र बुडवा, अर्धा तास थांबा आणि प्रत्येक सेन्सर शून्यापासून किती सरकतो ते वहीत लिहा. एकदा मातीत गेला की तो खोटं बोलतो आहे हे कळायचा मार्ग उरत नाही.

मातीसाठी मामाचं मांजरी गावातलं शेत होतं, काळ्या मातीचं. २६ जानेवारी २०२४ ला सुट्टी होती. मामा, मामेभाऊ आणि मी तिघांनी मीटरभर खोल खड्डा खणला. सेन्सर ५, १०, २०, ५० आणि १०० सेंटिमीटरवर लावले. यातल्या पहिल्या तीन खोली मुद्दाम घेतल्या, कारण कृषी हवामान वेधशाळांत मातीचं तापमान त्याच खोलींवर मोजतात आणि पुढे तुलना करता येते. सेन्सर खड्ड्याच्या भिंतीत आडवे खोचायचे. उभ्या भोकात सोडले तर पावसाचं पाणी वायरीच्या कडेने उतरतं आणि सगळी नोंद बिघडते. खणलेली माती थरांच्या क्रमाने वेगळी ठेवून त्याच क्रमाने परत भरली.

फेब्रुवारीतली नोंद पहिल्यांदा कागदावर उतरवली तेव्हा मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. वरची लाट मोठी, खालची लहान आणि उशिरा येणारी. १० सेंटिमीटरवर तापमान दिवसभरात सरासरीच्या वरखाली ५ अंश हलत होतं, २० सेंटिमीटरवर फक्त २ अंश, आणि खालचं शिखर साडेतीन तास मागून येत होतं. पुस्तकातलं हे गणित मातीत खरंच दिसतं याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. मामाला दाखवलं तर तो म्हणाला, "म्हणून तर आम्ही कांदा पडवीत मातीवर पसरतो."

या दोन आकड्यांतून डिफ्युजिव्हिटी दोन वेगळ्या वाटांनी निघते. एक वाट लाटेच्या घटीची. ५ ला २ ने भागून त्याचा नैसर्गिक लॉग घेतला की ०.९२ येतो, आणि मधल्या १० सेंटिमीटरला त्याने भागलं की सुमारे ११ सेंटिमीटर मिळतात. इतक्या खोलीवर रोजची लाट जवळपास सदतीस टक्क्यांवर येते, आणि या खोलीवरूनच डिफ्युजिव्हिटी काढता येते. दुसरी वाट उशिराची: दिवसाच्या लाटेत एवढ्या खोलीमागे सुमारे ३.८ तास उशीर होतो, आणि माझा १० सेंटिमीटरला साडेतीन तास होता, म्हणजे खोली पुन्हा ११ च्याच आसपास. दोन्ही वाटांनी उत्तर सारखं आलं तर उष्णता मुख्यतः वहनानेच चालली आहे असं धरता येतं. वेगळं आलं तर पाणी हलतंय, किंवा मातीचा थर एकसारखा नाही. ही पडताळणी रोजच्या रोज करा, महिनाभराने नाही. मी ती रोज केली नाही, आणि म्हणून एप्रिल हातचा गेला.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते हे मी लहानपणापासून बघते आहे. पण ती भेग माझ्याच ५ सेंटिमीटरच्या सेन्सरपाशी पडेल असं मनात आलं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिथलं तापमान विचित्र वाढलं. सेन्सर मातीत नव्हता, भेगेतल्या हवेत लोंबत होता. हवेची वाहकता ०.०२५ च्या आसपास, पाण्याची ०.६. मातीच्या कणांमधल्या पोकळीत यांपैकी काय आहे यावरच बहुतेक सगळं ठरतं. मे महिन्यात जाऊन सेन्सर नव्या जागी लावला, पण सहा आठवड्यांच्या नोंदी बाद करून.

जुलैमध्ये पाऊस स्थिरावल्यावर मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं. प्लास्टिकच्या तीन थरांत गुंडाळून, टेप लावून, 'ओलावा टिकवा' असं लिहून पाठवला. फी ६,५०० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ७,६७०. अहवाल सहा आठवड्यांनी, ऑगस्टच्या शेवटी आला. उष्णतावाहकता ०.२१.

शिक्का, सही, तक्ता, सगळं व्यवस्थित होतं. मी तो आकडा मॉडेलमध्ये घातला, आणि मॉडेलमधली माती शेतातल्या मातीसारखी वागेनाच. खालची लाट जवळजवळ नाहीशी झाली. चार दिवस मी माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. शेवटी प्रयोगशाळेला फोन केला तेव्हा कळलं, की चाचणीआधी नमुना भट्टीत वाळवला होता, कारण त्यांची तीच पद्धत आहे. अहवालात त्याबद्दल एक ओळ नव्हती. मी फार चिडले होते, पैशांपेक्षा त्या चार दिवसांसाठी. नमुना देताना चाचणी किती ओलाव्यावर करणार हे त्यांच्याकडून लेखी घ्या, आणि अहवालात ओलाव्याचा आकडा छापायला सांगा.

योहान्सन यांचं १९७५ चं सूत्र तेव्हा वापरलं. कोरडी वाहकता, पूर्ण भिजलेली वाहकता आणि मधला ओलावा यांना ते जोडतं. माझ्या मातीची कोरडी घनता घनमीटरला १,३०० किलो. तिला कोरडी वाहकता आली ०.१६ आणि पूर्ण भिजल्यावर साधारण १.३. तीच माती, त्याच खड्ड्यातली, आणि फरक आठपट. शेतातल्या डिफ्युजिव्हिटीवरून आणि ओलाव्यावरून आकडा येत होता १.० च्या जवळ. म्हणजे प्रयोगशाळेचा आकडा चुकीचा नव्हता. तो मे महिन्यातल्या भेगाळलेल्या ढेकळासारख्या कोरड्या मातीचा होता, आणि मी तो भिजलेल्या मातीला लावत होते.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग स्वतःच मोजा ना."

मग वाहकता मोजणारी सुई बनवली. पातळ स्टीलच्या नळीत तापणारी नायक्रोमची तार आणि तापमान टिपणारा थर्मिस्टर. तारेत ठरावीक वीज सोडायची, दहा मिनिटं तापमान नोंदवायचं आणि ते वेळेच्या लॉगसमोर मांडायचं. सुरुवातीचा वाकडा भाग सोडला की सरळ रेघ मिळते. तिचा चढ जितका कमी, तितकी वाहकता जास्त. सुई तपासायला औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन चालतं, कारण त्याची वाहकता ठाऊक आहे, सुमारे ०.२८६. माझ्या सुईने ०.३४ दाखवली, म्हणजे प्रत्येक वाचनाला ०.८४ ने गुणायचं. मग पाण्यावर पडताळलं. नुसतं पाणी तापलं की फिरू लागतं, म्हणून त्यात अगर-अगर घालून गोठवलं, जे आपण चायना ग्रास म्हणून खिरीत घालतो तेच. सुईने ०.७१ दाखवले, ०.८४ ने गुणून जेमतेम ०.६०. त्या रात्री एकटीच स्वयंपाकघरात होते, आणि डोळ्यांत पाणी आलं.

त्याच सुईने आईच्या गच्चीवरून निघालेल्या कोब्याचे तुकडे मोजले. कोरडे ०.६, रात्रभर भिजवल्यावर १.१. वॉटरप्रूफिंगसाठी घातलेला कोबा स्वतःच पाणी धरतो, आणि पाणी धरलं की उष्णता जवळपास दुप्पट सहज जाऊ देतो. हे मला कोणत्याही कोष्टकात एका आकड्यात मिळालं नसतं.

आता प्रोग्रॅमबद्दल. मी आधी एक्सेलमध्ये केलं, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला तेच सुचवेन. एक स्तंभ म्हणजे स्लॅबचा एक सेंटिमीटर, एक ओळ म्हणजे वेळेची एक पायरी. एखाद्या थराचं पुढचं तापमान त्याच्या आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या आत्ताच्या तापमानावरून काढायचं. मी पायरी पाच मिनिटांची ठेवली, आणि विसाव्या ओळीत स्लॅबचं तापमान हजारांत, त्याच्या पुढच्या ओळीत उणे हजारांत. घाबरू नका, स्लॅबला काही झालेलं नसतं. डिफ्युजिव्हिटीला पायरीच्या सेकंदांनी गुणून थराच्या जाडीच्या वर्गाने भागा. उत्तर अर्ध्याच्या वर गेलं की ही पद्धत फुटते. माझं २.३६ होतं. एक सेंटिमीटरच्या थराला काँक्रीटमध्ये पायरी जास्तीत जास्त ६३ सेकंदांची चालते. थर निम्मा केला तर पायरी चौथाई करावी लागते. पुढे पायथनमध्ये क्रँक आणि निकोल्सन यांची १९४७ ची पद्धत लिहिली, तिथे ही अडचण राहत नाही.

दुसरी चूक जास्त छुपी होती. दोन पदार्थांच्या सांध्यावर मी वाहकतेची साधी सरासरी घेत होते. कोबा आणि काँक्रीटमध्ये फारसं बिघडलं नाही, पण थर्माकोलचा थर घालून बघितला तेव्हा उत्तर अशक्य आलं. काँक्रीट १.५८ आणि थर्माकोल ०.०३५ यांची साधी सरासरी ०.८१ येते, जणू सांध्यावर थर्माकोल नाहीच. तिथे हरात्मक सरासरी (व्यस्तांकांच्या सरासरीचा व्यस्तांक) घ्यावी लागते, आणि ती येते ०.०६८. म्हणून ज्या उदाहरणाचं उत्तर कागदावर काढता येतं ते आधी चालवा: दोन थर, दोन्ही बाजूंना ठरलेलं तापमान. जुळलं तरच खऱ्या गच्चीकडे वळा.

मातीच्या मॉडेलमध्ये तळ कुठे ठेवायचा हाही प्रश्न होता. रोजची लाट ११ सेंटिमीटरांत घटते, पण वर्षाची लाट वर्गमूळाच्या हिशोबाने एकोणीसपट खोल जाते, माझ्या मातीत सुमारे २ मीटर. मी तळ १ मीटरवर बांधला होता, त्यामुळे उन्हाळ्याची उष्णता खाली जायला जागाच नव्हती. तळ १० मीटरवर नेला, एकच वर्ष पुन्हा पुन्हा चालवलं, आणि पाचव्या फेरीनंतर तापमान स्थिरावलं.

डिसेंबर २०२४ पर्यंत गच्चीचं मॉडेल नोंदींशी जुळू लागलं. १५ सेंटिमीटरच्या स्लॅबमधून लाट खाली यायला सुमारे चार तास लागतात. कोबा आणखी उशीर करतो. आईची खोली सातला का तापते, ते इतक्या वर्षांनी आकड्यांत समोर आलं.

गच्ची गार कशी करायची यावर सोसायटीत एकमत नव्हतं. काही जणांना गच्चीभर माती टाकून बाग हवी होती, गारवा येईल म्हणून. मी हिशोब मांडला. आमच्या छताचं यू-मूल्य, म्हणजे एका चौरस मीटरमधून अंशामागे जाणारी उष्णता (वॅटमध्ये), २.२ च्या आसपास. घरांच्या ऊर्जाबचतीच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत छतासाठी मर्यादा १.२ आहे. कोरड्या मातीने ते गाठायला ६-८ सेंटिमीटर पुरतील, पण बागेची माती ओली असते, आणि ओल्या मातीला ३८ सेंटिमीटर लागतील. तिचं वजन चौरस मीटरला साडेसहाशे किलोंच्या वर जातं. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकात चल भार (माणसं, सामान यांचा) धरतात तो साधारण दीडशे किलो. माझ्या मॉडेलमध्ये बाष्पीभवनाचा गारवा नाही, तो खरा असतो आणि मोठा असतो, हेही मी सभेत सांगितलं. पण वजनापुढे तो मुद्दा टिकला नाही.

त्याऐवजी पांढरा लेप सुचवला. या शहराला ही गोष्ट नवी नाही. १९३० च्या दशकात कृषी हवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातच काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर देऊन मातीचं तापमान किती उतरतं ते मोजलं होतं. शिमला ऑफिस चौकातून मी रोज जाते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं, त्याचं नाव चौकाला राहिलं आहे. हे वाचल्यापासून तिथला सिग्नल मला लांब वाटत नाही. मॉडेल सांगत होतं, की एप्रिलच्या दुपारी मळक्या मोझॅकवर ऊन आणि हवा मिळून साठ अंशांसारखा भार येतो, आणि पांढऱ्यावर सेहेचाळीसच्या आसपास. मार्च २०२५ मध्ये लेप लावला.

प्रबंधाच्या कागदपत्रांत मे गेला. साम्य तपासणीत (मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो त्या) पहिल्यांदा २३ टक्के आले, बहुतेक समीकरणांच्या व्याख्या आणि कोष्टकं. १० च्या आत आणायला पुन्हा आठवडा. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि लेखा विभागाचं नो ड्यूज, बांधलेल्या चार प्रती प्रत्येकी ४५० रुपये. ग्रंथालयाची सही आधी घ्या, तिथेच रांग असते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी दुसराच प्रश्न काढला: ओलावा जागोजागी बदलतो, मग एकच के का वापरला? मी सांगितलं, की मी तीन वापरले आहेत, कोरडा, ओला आणि मोजलेला, आणि उत्तराचा पट्टा दिला आहे. सर काही बोलले नाहीत, पण त्यांनी मान हलवली.

आईच्या छताच्या खालच्या बाजूला मे २०२४ मध्ये एका निरभ्र दिवशी ४२.५ अंश नोंदले होते. मे २०२५ मध्ये लेपानंतर, तेवढ्याच तापलेल्या निरभ्र दिवशी ३७.५. आई अजून गादी हॉलमध्ये आणते, पण रात्री अकरानंतर परत नेते. पावसाने लेपावर शेवाळ धरलंय, टाकीच्या बाजूला जास्त. ऑक्टोबरात ऊन पडलं की अर्धी गच्ची घासून आणि अर्धी तशीच ठेवून मोजायचं आहे. सेक्रेटरी काकांना अर्ज दिला आहे, या वेळी नकाशासकट.